इमोरोची बाके

इबिदुनबाईंनी बाकावरून हात उचलला, पण बाही उठायला तयार होईना. निळा रंग अजून ओला होता. त्यांनी हलकेच ओढले तेव्हा बारीकसा आवाज होऊन कापड सुटले, आणि सायीच्या रंगाच्या लेसवर मनगटापासून कोपरापर्यंत निळा पट्टा उमटला.

मंडपात सगळ्यांच्या नजरा त्या बाहीकडे वळल्या. मुख्याध्यापक फामुरेवा सरांनी घाईघाईने खिशातला रुमाल काढला, तो मळका असल्याचे पाहिले आणि परत खिशात कोंबला.

"सुतार म्हणाला होता, मादाम, काल संध्याकाळपर्यंत वाळेल."

"सुताराने तुम्हाला सांगितलं," इबिदुनबाई म्हणाल्या. "रंगाला सांगायचं राहिलं वाटतं."

आधी बायका हसल्या, मग पुरुष. ढोलवाल्यांनी ती संधी साधली आणि बगलेतले ढोल दाबत बाईंच्या पणजोबांपासून स्तुती सुरू केली. फामुरेवा सरांचा जीव भांड्यात पडला.

इमोरोच्या महिला मंडळाने गावच्या प्राथमिक शाळेला नवी बाके करून दिली होती. आज ती राज्याच्या शिक्षण मंडळाच्या ताब्यात द्यायची होती. मंडळाच्या अध्यक्ष इबिदुन आकेरेले या गावच्याच लेक, आणि देणाऱ्या महिला मंडळाच्या प्रमुख त्यांच्या आई. सगळे गाव त्यांना इया एग्बे म्हणे, म्हणजे मंडळाची आई. सोहळ्यासाठी मंडळाच्या सगळ्या बायकांनी एकाच थानातली लेस घेतली होती, बारीक भोकांची फुले असलेली, आणि लेकीलाही त्यातलीच धाडली होती. एरवी शाळा तपासायला जाताना बाई साधे छापील सुती घालत. पण गावाने पाठवलेले कापड कोण नाकारणार? ते अंगावर चढवले म्हणजे तुम्ही त्या गावचे झालात.

बाईंबद्दल राज्यात कितीतरी गोष्टी सांगितल्या जात, आणि नवल म्हणजे त्यातल्या बऱ्याच खऱ्या होत्या. बँकेत त्या काउंटरवर चिकटल्या आणि साऱ्या विभागाच्या प्रमुख होऊन बाहेर पडल्या. मग विधानसभेत गेल्या. तिथे कोणाची भाषणे लांबली की त्या शांतपणे घड्याळ काढून बाकावर ठेवत. शिक्षण मंडळावर आल्या तेव्हा सरकारी वह्यांच्या मुखपृष्ठावर अध्यक्षांचा फोटो छापायची पद्धत होती. बाईंनी आपला फोटो काढायला लावला आणि तिथे पाढे छापले. शहराजवळ बदली मागणाऱ्या सख्ख्या नणंदेला त्यांनी होडीने जावे लागते अशा गावी पाठवले. त्या नणंदेने अजून अबोला धरला आहे. पण त्या होडीच्या गावातली मुले आता वाचतात, हेही लोक सांगतात.

त्यांचा एक नियम मात्र सगळ्यांच्या छातीत धडकी भरवी. ज्या शाळेत मुले जमिनीवर बसतात ती शाळा बंद करायची आणि जवळच्या चांगल्या शाळेत मिसळायची. बँकेत असताना न चालणाऱ्या शाखा त्यांनी याच हिशेबाने बंद केल्या होत्या.

त्यांनी माईक हातात घेतला. भाषण नेहमीसारखे आखूडच होते.

"बाकं देणाऱ्या आयांचे आभार," त्या म्हणाल्या. "आजपासून ही बाकं कुणा एका गावाची नाहीत. या राज्यातल्या मुलांची आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात चीफ आलोनगे वाजवत होते. ते पक्षाचे वॉर्ड प्रमुख. त्यांच्या घोळदार झग्याला इतके कापड लागे की टाळी वाजवण्यापूर्वी दोन्ही बाह्या खांद्यांवर टाकाव्या लागत.

सोहळा आटोपला तशा इबिदुनबाई आईजवळ गेल्या आणि त्यांनी गुडघे टेकले. वडीलधारे ऊठ म्हणेपर्यंत उठायचे नसते, मग तुम्ही कुठल्याही मंडळाचे अध्यक्ष असा. इया एग्बेंनी लेकीच्या बाहीकडे पाहिले, जीभ टाळूला लावून च्च केले आणि मग म्हणाल्या,

"ऊठ. आता राजवाड्यावर जा. आणि सावकाश बस जरा. ओबांना घाईची माणसं आवडत नाहीत."

"तुम्ही येत नाही, आई?"

"हा गुडघा घेऊन? आणि पंगतीसाठी यामचे उकडलेले कंद कोण कुटून घेणार? तू जा. मुळीच घाई करू नकोस."

आईने घाई करू नकोस म्हणून एवढे बजावावे याचे बाईंना थोडे नवल वाटले. पण गाडी उभी होती आणि चीफ आलोनगे आधीच मागच्या सीटवर पसरले होते.

"पुढच्या महिन्यात तिकीट ठरतंय," गाडी सुरू होताच चीफनी विषय काढला. "अबुजाचं तिकीट, मादाम, थेट देशाच्या संसदेचं. इमोरोचा वॉर्ड म्हणजे माझी मूठ. ती मी तुमच्यासाठी उघडणार. तुम्ही फक्त गावाला नाराज करू नका."

"गाव नाराज आहे का?"

"छे. पण आज त्या ओरोगुनच्या शाळेत कशाला जाताय? ते सगळे इबिरा जमातीचे, दुसऱ्याच्या जमिनीवर राबायला आलेले. त्यांचं इथल्या मतदार यादीत नाव नाही की गाव नाही. शाळा बंदच करायचीय ना? ऑफिसातून कागद पाठवा."

"बंद करायची तर तोंडावर जाऊन सांगावं, चीफ. मी कधी पाठीमागून शाखा बंद केली नाही."

चीफ हसले. त्यांना अशी वाक्ये आवडत, प्रचारात वापरता येतात म्हणून.

"बरं, पण चार वाजता जेवायला परत या. शाळेच्या मैदानातच पंगत आहे. तुमच्या आईंनी भाड्याच्या खुर्च्या सांगितल्याच नाहीत. म्हणाल्या, नवी बाकं आहेत की."

राजवाड्यावर ओबांनी, म्हणजे गावच्या राजांनी, आपल्या गुडघेदुखीपासून रेल्वेपर्यंत सगळ्या विषयांवर मत दिले. पाहुणचाराच्या कोला बिया आल्या, पाणी आले, पुन्हा कोला आल्या. बाई नमून बसल्या होत्या आणि ओल्या बाहीचा हात अंगापासून दूर धरत होत्या. सुटका झाली तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता. चीफना त्यांनी चौकात सोडले आणि गाडी कोकोच्या बागांमधल्या कच्च्या रस्त्याला लागली.

लासिसी बँकेच्या दिवसांपासून त्यांची गाडी चालवत होता. केस पांढरे झाले होते, जीभ मात्र होती तशीच राहिली होती. थोडे पुढे गेल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला.

"मादाम, आपल्या आधी कोणीतरी गेलंय. लोड भरलेली पिकअप. चाकं बघा किती रुतलीत."

"याम न्यायला आले असतील."

"याम न्यायला आलेली गाडी जाताना रिकामी असते. ही भरलेली गेलीय." तो आरशातून हसला. "आपण शाखा तपासायला निघालो की एकीची रोकड मागच्या रस्त्याने दुसरीकडे पळायची. आठवतं ना? शेवटी तुम्ही मला मागच्याच रस्त्यावर गाडी लावायला लावलीत."

"लासिसी, ही शाळा आहे. इथे काय पळवणार?"

"मी आपलं चाकांचं बोललो," लासिसी म्हणाला आणि त्याने पुन्हा वेग वाढवला.

ओरोगुनची शाळा म्हणजे मातीच्या भिंती आणि वर पत्रे. मुख्याध्यापिका डेबोरा ओमोतायो दारातच उभी होती. तरुण, उंच, पायांत रबरी चपला. तिने गुडघे टेकून नमस्कार केला, पण हसली नाही.

आत पाऊल टाकले आणि इबिदुनबाई थबकल्या. वर्गात बाके होती. निळी, सरळ ओळींत लावलेली. मुले त्यांवर ताठ बसली होती आणि सगळ्यांनी हात वर, छातीजवळ धरले होते, जणू समोर गरम तवा आहे.

बाईंच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद पसरला. शाळा बंद करण्याचे शब्द त्यांनी वाटेत मनाशी जुळवून ठेवले होते. ते आता लागणार नव्हते, आणि ओझे उतरल्यासारखे त्यांना वाटले. त्या सवयीप्रमाणे थेट शेवटच्या बाकाशी गेल्या. बँकेत असो वा शाळेत, खरी परिस्थिती शेवटच्या रांगेत कळते असे त्यांचे मत होते. एका छोट्या मुलीने सरकून जागा दिली.

"हात असे का धरलेस ग?"

"टेकायचं नाही सांगितलंय," मुलगी मोडक्या योरुबात म्हणाली. "चिकटतं."

बाईंनी समोरच्या फळीकडे पाहिले. कडेला रंगात एक नक्षी उमटली होती. बारीक भोकांची फुले, ओळीने. ती आता बरीचशी वाळली होती. बाईंनी बाही तिच्याजवळ नेली. फुलावर फूल बसले.

"तुमच्या हातावरचं फूल इथे पण आहे," मुलगी कौतुकाने म्हणाली.

"आहे खरं." बाईंनी बाही हळूच मागे घेतली. "तू रोज या बाकावर बसतेस?"

मुलीने दारातल्या मुख्याध्यापिकेकडे पाहिले. तिकडून काही उत्तर येत नाही असे दिसल्यावर तिने स्वतःच दिले.

"आज बसलेय. उद्या माझं स्टूल आहे."

वर्गाच्या मागच्या खिडकीतून ती स्टुले दिसत होती. घरून आणलेली, कोणाचे तीन पायांचे, कोणाचा नुसता लाकडाचा ओंडका. घाईने एकावर एक रचली होती आणि वर केळीची पाने टाकली होती. इबिदुनबाई बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या. मग उठल्या आणि मुख्याध्यापिकेला म्हणाल्या,

"जरा बाहेर या."

कोकोच्या झाडाखाली दोघी उभ्या राहिल्या. मागून दुसऱ्या गाडीने आलेले शिक्षण मंडळाचे अधिकारी गाडीपाशीच थांबले होते.

"ही बाकं इमोरोची आहेत," बाई म्हणाल्या.

"होय, मादाम."

"मला फसवायला आणलीत."

"पाहुणे आले की शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणतोच ना आपण?" डेबोरा म्हणाली. "लग्नात, बारशात, मयताच्या जेवणात. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. आज पाहुण्या तुम्ही होतात."

"मी पाहुणी नाही. मी तपासायला आले आहे. ही पंगत वाटली तुम्हाला?"

"पंगत असती तर बरं झालं असतं. पंगत बिघडली तर कोणाची शाळा जात नाही." डेबोराने ओठ आवळले. "मादाम, मागच्या वर्षी तुम्ही ओढ्यापलीकडची शाळा इमोरोत मिसळलीत. तिथली सगळी मुलं इमोरोच्या पटावर आली. वर्गात आली नाहीत. मध्ये ओढा आहे, आणि हमरस्त्यावर लाकडाचे ट्रक. बँकेची शाखा बंद केली तर खातेदार दुसऱ्या शाखेत जात असेल. पोरं जात नाहीत. ती शेतात जातात."

इबिदुनबाईंनी कोणी असे तोंडावर बोललेले बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. पदावर गेले की माणसाच्या आसपास फक्त मान डोलावणारी तोंडे उरतात. त्यांना राग आला होता, आणि रागाखाली दुसरे काहीतरी होते जे रागापेक्षा जास्त बोचत होते. ओढ्यापलीकडच्या शाळेचा पट त्यांनी स्वतः पाहिला होता. पाहून समाधानाने मान हलवली होती.

"बाकं कोणी दिली?"

"मी मागितली. देणाऱ्याचं नाव मी घेणार नाही. मला काढायचं तर काढा."

तेवढ्यात शाळेमागून लासिसीचा आवाज आला.

"मादाम! इथे कसावाच्या झाडीत एक पिकअप आहे. आणि पिकअपमध्ये एक मुख्याध्यापक आहेत."

फामुरेवा सर कपडे झटकत बाहेर आले. सकाळचाच सूट अंगावर होता, फक्त आता त्याला कुसळे चिकटली होती.

"मादाम, मी फक्त गाडी आणली. मला वरून सांगण्यात आलं."

"वरून म्हणजे कोणी?"

सरांनी खरोखरच वर पाहिले. वर फक्त झाडे होती. बाईंना वाटले, आलोनगेच असणार. शाळा बंद होऊन इथे निदर्शने झाली तर तिकिटाच्या तोंडावर नाव खराब होईल, एवढे त्यालाच सुचेल.

"आता चार वाजायच्या आत बाकं परत न्यायचीत, मादाम," सर अजिजीने म्हणाले. "पाहुणे त्यांवरच बसणार आहेत. सोमवारपासून वर्ग."

"इमोरोची जुनी बाकं कुठे आहेत?"

"मागच्या पडवीत. पाय हलतात त्यांचे."

"खिळे ठोका. शिक्षण मंडळाच्या बाकांची पुढची खेप इमोरोलाच येणार आहे, तोवर चालतील." बाईंनी क्षणभर वर्गाच्या दाराकडे पाहिले. आतली मुले अजूनही हात वर धरून होती. "पिकअप रिकामी न्या, सर."

फामुरेवा सरांनी हात जोडले.

"मादाम, ती बाकं तुमच्या आईंनी... गावानं... चीफ आलोनगेंना काय सांगू? पाहुणे बसणार कशावर?"

"ते मला विचारतील. तुम्हाला नाही विचारणार."

अधिकाऱ्यांपैकी एक वही घेऊन पुढे आला. ओरोगुनबद्दल काय लिहायचे, असे त्याने दबकत विचारले.

"बाकं आहेत, असं लिहा," इबिदुनबाई म्हणाल्या. "आहेत ना?"

डेबोरा ओमोतायोने तोंडावर हात घेतला. मग तिने पुन्हा गुडघे टेकले, आणि या वेळी बाईंनी तिला लगेच उठवले. त्यांना तो नमस्कार सोसवला नाही.

"आता पोरांना हात खाली घ्यायला सांगा," त्या म्हणाल्या. "चिकटली तर चिकटू देत."

परतीच्या वाटेवर फोन वाजत राहिला. चीफ आलोनगे, मग पक्षाचा कोणी, मग पुन्हा चीफ आलोनगे. फामुरेवा सरांची पिकअप रिकामी असल्यामुळे भरधाव पुढे गेली होती आणि बातमीही तिच्याबरोबर गेली होती. बाईंनी फोन पर्समध्ये टाकला.

"मादाम, अबुजाला जायचं होतं ना आपल्याला?" लासिसी म्हणाला. "वळण मागेच राहिलं बहुतेक."

"गाडी चालव."

"चालवतोय की. मला अबुजात पार्किंगची काळजी होती, ती मिटली."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे आई होती. मंडळाच्या बायकांनी वर्षभर वर्गणी काढली होती. आई घरोघर फिरली होती, त्या गुडघ्यासह. भर सोहळ्यात हसऱ्या तोंडाने जे दिले ते सूर्य मावळायच्या आत परक्यांना देऊन लेक घरी चालली होती, आणि अंगावर कापडही त्याच बायकांनी दिलेले होते. विधानसभेत विरोधकांसमोर त्या कधी घाबरल्या नव्हत्या. आता त्यांनी लासिसीला दोनदा गाडी सावकाश घ्यायला सांगितली.

मैदानात गाडी शिरली तेव्हा उखळांचे आवाज थांबलेले होते. ढोलवाले ढोल मांडीवर ठेवून बसले होते. मंडपाखाली सगळ्या बायका उभ्या होत्या, सायीच्या रंगाची एक भिंतच. बसायला काही नव्हतेच. प्लास्टिकच्या चार खुर्च्या तेवढ्या कुठूनतरी पैदा झाल्या होत्या. त्यांवर चीफ आलोनगे आणि पक्षाची मंडळी होती. इया एग्बे काठीवर भार देऊन मध्यभागी उभ्या होत्या. त्यांना कोणीतरी खुर्ची दिली असणार आणि त्यांनी ती नाकारली असणार.

लेक आली म्हणून कोणी गाणेही उचलले नाही.

चीफ उठलेच नाहीत, बसूनच गरजले.

"आलात? आपल्या आयांनी घाम गाळून बाकं दिली, ती तुम्ही इबिरांच्या पोरांना वाटलीत! आता मतं मागायला पण ओरोगुनलाच जा. बघू, कोकोची झाडं किती मतं देतात."

इबिदुनबाईंनी त्यांना उत्तर दिले नाही. त्या सरळ आईसमोर गेल्या आणि मातीत गुडघे टेकले. मान खाली घातली. ऊठ हा शब्द आला नाही. त्या वाट पाहत राहिल्या. आईच्या काठीचे टोक आणि तिच्या चपलांवर उडालेली लाल धूळ एवढेच त्यांना दिसत होते.

"शाळा बंद केलीस?" आईने विचारले.

हा प्रश्न त्यांनी अपेक्षिला नव्हता.

"नाही, आई."

मागे लेसची सळसळ झाली. कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला.

"आणि त्या पोरीला? ओमोतायोला?"

"ती आहे तिथेच राहील."

"आणि बाकं?"

"तिथेच ठेवली. तुम्हाला न विचारता. चुकलं असेल तर माझं चुकलं."

इया एग्बेंनी काठीवरची पकड बदलली.

"सकाळी माईकवर काय म्हणालीस तू?"

"या राज्यातल्या मुलांची आहेत, असं."

"मला वाटलं, भाषणात म्हणतात तसं म्हणालीस."

"मलाही तसंच वाटलं होतं, आई," इबिदुनबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्या बाईंनी काठी शेजारणीकडे दिली.

"चटया आणा," त्या म्हणाल्या. "जेवायचं नाही का कोणाला?"

चटई आली. इया एग्बेंनी एका हाताने लेकीच्या खांद्याचा आधार घेतला, दुखरा पाय पुढे काढला आणि कण्हत, पुटपुटत, जमिनीवर बसल्या. मग जे व्हायचे तेच झाले. मंडळाची आई जमिनीवर बसलेली असताना तिच्याहून उंच कोण राहणार? बायका पटापट चटया पसरून बसू लागल्या. लेस चुरगळायची काळजी कोणी केली नाही. ढोलवाले तर आधीच खाली होते. पक्षाची मंडळी एकमेकांकडे पाहत खुर्च्यांवरून उतरली.

चीफ आलोनगे तेवढे उरले. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. सगळे मैदान त्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर होते.

"इया एग्बे, मी गावाच्या भल्याचं बोलत होतो," ते म्हणाले.

"बोला की. बसून बोला. आणि चीफ, आजचा याम गोड लागला तर कुठून आला ते विचारा. ओरोगुनच्या बायका डोक्यावरून आणून देतात, पावसातसुद्धा. तो खाताना तुम्ही कधी यादी पाहिली नाहीत."

बायका खदखदून हसल्या. चीफनी झग्याच्या बाह्या खांद्यांवर टाकल्या आणि दोघांच्या मदतीने खाली बसले. बसताना ते तिकिटाबद्दल काहीतरी म्हणाले, पण वाढप सुरू झाले होते आणि कोणी नीट ऐकले नाही.

इबिदुनबाई अजून गुडघ्यांवरच होत्या. आता त्याच आईहून उंच होत्या हे त्यांच्या लक्षात आले, तशा त्या पटकन मांडी घालून चटईच्या कडेला बसल्या. त्यांच्यापुढे वाफाळत्या यामचा गोळा आणि मटणाची वाटी आली. आईने त्यांचा हात धरला, निळी बाही उजेडाकडे वळवली आणि निरखून पाहू लागली.

तेव्हा आईची स्वतःची बाही मागे सरकली. तिच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, निळा डाग होता. पुसायचा प्रयत्न केलेला, त्यामुळे अधिकच पसरलेला.

इबिदुनबाईंनी मान वर केली. पलीकडे बसलेल्या सुइणीच्या खांद्यावर निळे होते. मिरचीवालीच्या ओटीपोटावर आडवी निळी रेघ होती, जड फळी पोटाशी धरून नेली की उमटते तशी. वाढणाऱ्या बाईचे हात कोपरापर्यंत लेसमध्ये होते आणि दोन्ही बाह्यांच्या कडा निळ्या होत्या. ती इबिदुनबाईंची नजर चुकवून भराभरा पुढे सरकली.

ओरोगुनच्या बाकावरचा तो ठसा कोणाच्या बाहीचा होता, हे आता सांगता आले नसते.

"घासलेटशिवाय जायचं नाही ते," आई बाही सोडत म्हणाली. "आम्ही पाहिलं साबण लावून. जेव आता."